आतल्या दाराची जीभ

एका राज्यात एक दार होते आणि त्या एका दाराने सारे राज्य अडवून धरले होते. दार वेशीचे नव्हते, किल्ल्याचे नव्हते, खजिन्याचेही नव्हते. राजवाड्याच्या पोटात, राजाच्या शयनमहालातून आतल्या खोलीत जायचे ते साधे एका पाख्याचे, म्हणजे एकाच फळीचे दार; शिसवी लाकडाचे, पुरुषभर उंचीचे, लोखंडी खिटीचे. खिटी म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला बसवलेली पेटी. मूठ फिरवली की पेटीतली लोखंडी जीभ मागे ओढली जायची; मूठ सोडली की कमानीच्या, म्हणजे वाकवलेल्या पोलादी पट्टीच्या, जोराने पुढे यायची आणि चौकटीच्या खाचेत बसायची. घरोघर असते तशीच.

सात वर्षांपूर्वी, वसंतोत्सवाच्या सकाळी, राणी मालवती मुकुट आणायला त्या खोलीत गेली. दार तिच्यामागे लागले, खिटी पडली, ती पडलीच. राजा धीरसेन बाहेरून मूठ फिरवीत राहिला. मूठ फिरे, जीभ हलेना. कुऱ्हाडी चालवल्या, दाराचा टवका उडाला नाही. ओंडक्याचा मारा केला, ओंडका दुभंगला. भिंत खणू म्हटले तर पहार वाकली. आतून आवाज यावा, तर त्या दारातून आवाजही जात नव्हता. तिसऱ्या दिवशी राजाने राणी गेल्याची दवंडी पिटवली आणि तेराव्याला गावजेवण घातले.

त्याच दिवसापासून राज्यात जन्मलेले एकही मूल रडले नाही.

मुले जन्मत, दूध पीत, रांगत, चालत, पडून गुडघे फोडून घेत. पण एकाच्याही कंठातून आवाज निघत नसे. डोळ्यांतून पाणी वाहायचे आणि तोंड उघडे राहायचे, एवढेच. राजाने जाहीर केले की हा त्या दाराचा शाप आहे. दार उघडेल त्या दिवशी मुले बोलतील. मग लोहार आले, सुतार आले, परमुलखातले कुलूपवाले आले. प्रत्येकाला तीन दिवसांची मुदत मिळे. चौथ्या दिवशी, दार न उघडणाऱ्याचे हात मनगटापर्यंत वाळून लाकूड होत.

त्या वाळल्या हातांच्या माणसांतला एक कोंडाजी लोहार. त्याची बायको आनसा. नवऱ्याचे हात गेले तेव्हा तिने पदर खोचला, हातोडा उचलला आणि भट्टी विझू दिली नाही. नांगराचे फाळ, चुलीचे चिमटे, दारांच्या कड्या आणि खिट्या, सगळे ती करू लागली. आणि खिट्या तर नवऱ्यापेक्षा चांगल्या. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी होती, बकुळी. तिनेही कधी हाक मारली नव्हती.

एके सकाळी बकुळी खेळता खेळता घरामागच्या कोरड्या चुनखाणीत पडली. आनसा तिला शोधत नदीपर्यंत गेली, माळावर गेली, हाका मारून तिचा घसा बसला. दुपार कलली तेव्हा तिने सहज वाकून खाणीत पाहिले. पोर तळाशी उभी होती. तोंड उघडे, मान वर, दोन्ही हात वर. आईच्या पहिल्या हाकेपासून ती तशीच, घरापासून वीस पावलांवर उभी होती.

आनसाने तिला वर काढले, तिच्या अंगावरचा चुना धुतला, भाकरी चुरून दिली. मग आपली हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. कोंडाजी समजला. तो इतकेच म्हणाला, "माझ्या हातांकडे बघ, मग जा."

"बघितले," आनसा म्हणाली, आणि गेली.

राजाने तिला महालात उभे केले. राजा देखणा होता, पण त्याच्याकडे फार वेळ पाहवत नसे. का, ते कोणाला सांगता येत नव्हते. त्याने अटी ऐकवल्या आणि तीन पावलांवर आसन मांडून बसला. महालाच्या दाराशी दोन पहारेकरी होते.

आनसाने दाराला लगेच हात लावला नाही. आधी तिने बिजागऱ्या पाहिल्या. त्या ठीक होत्या. पाखे कुठे फुगले आहे का पाहिले, फुगले नव्हते. मूठ फिरवली; फिरली. म्हणजे दोष खिटीचा होता. दार आत उघडणारे होते. आजवर जो आला तो ते आत ढकलीत होता, आणि ढकलले की जीभ खाचेच्या कडेवर दाबली जाऊन आणखीच रुतते. आनसाने मूठ धरून दार आपल्याकडे ओढले, हलकेच, जिभेवरचा भार उतरेल इतकेच. मग म्हशीच्या शिंगाची पातळ पट्टी तिने पाख्याच्या आणि चौकटीच्या फटीत सरकवली, वाकवली, आणि चाचपडत जिभेशी नेली.

जीभ लागली. आनसाने रेटा दिला. जीभ तांदळाच्या दाण्याएवढी मागे सरली. आणखी एक दाणा सरली.

मग ती पुढे आली.

आनसा थबकली. तिने शेकडो कमानी घडवल्या होत्या. कमानीचा रेटा कसा असतो हे तिच्या बोटांना पाठ होते. तो सारखा असतो, दिवसभर धरला तरी सारखाच. हा रेटा थरथरत होता. जरा ढिला पडायचा आणि पुन्हा जोर करायचा. कमान दमत नाही. हे दमत होते.

तिने पट्टी सैल सोडली. पलीकडून पट्टीला काहीतरी लागले. हळूच, टोकाशी, एकदा. मग थांबून आणखी दोनदा.

आनसाने पट्टी बाहेर काढली. शिंगाचे टोक ऊबदार होते, आणि त्यावर घामाचा ओलावा होता.

सात वर्षे. तेरावा जेवलेली माणसे अजून गावात होती, ती स्वतः जेवली होती. आणि खिटी बिघडलेली नव्हती. खिटी कोणीतरी आतून धरून ठेवली होती.

"काय झाले?" मागून राजा म्हणाला.

आनसाला तोंड फिरवायचे धैर्य झाले नाही. दाराकडेच पाहत ती म्हणाली, "कमान मोडली आहे, महाराज. नवी खिटी घडवून आणते."

"तीन दिवसांतला एक गेला," राजा म्हणाला.

घरी येऊन ती भट्टीपाशी बसली. इतक्यात भट्टीच्या आढ्यावर पंखांचा मोठा आवाज झाला आणि एक धनेश येऊन बसला; वाकड्या जाड चोचीचा, चोचीवर शिंगाचा टोप असलेला तो पक्षी साऱ्या गावाच्या ओळखीचा होता. रोज चोचीत उंबराची फळे घेऊन तो राजवाड्याच्या मागच्या झरोक्याकडे जाताना दिसे. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो, हे सगळे जाणत होते. वाड्याच्या भिंतीत घरटे असेल, असे म्हणून कोणी लक्ष देत नव्हते.

"बाई," धनेश म्हणाला, "राणी जिवंत आहे हे ज्याला आपणहून कळेल त्याच्याशीच मला बोलता येते. सात वर्षांत तू पहिली."

आनसाने हात जोडले. "तुम्ही कोण?"

"मी या राज्याचा राजा धीरसेन."

कोंडाजी भिंतीला टेकला तो खाली बसला. पक्ष्याने सारे थोडक्यात सांगितले. वसंतोत्सवाच्या पहाटे एक बैरागी दारी आला होता. मांत्रिक विकटाक्ष तो, पण तेव्हा ओळखू आला नाही. त्याने राजाकडे भिक्षेत राजाचे रूप मागितले. राजाला ती गंमत वाटली आणि त्याने हसत हो म्हटले. शब्द तोंडातून निघाला आणि रूप गेले. त्या घटकेला जवळच्या झाडावर जे पाखरू बसले होते त्याचा देह राजाच्या वाट्याला आला. मांत्रिकाला रूप मिळाले, पण मुकुट नव्हता. मुकुट डोक्यावर चढला असता तर ते रूप कायमचे त्याचे झाले असते. राणीने हे खिडकीतून पाहिले. ती धावली, मुकुट होता त्या आतल्या खोलीत शिरली आणि खिटी लावून हाताने धरली. बाहेर मांत्रिकाने दोन शाप दिले. त्याला मुकुट मिळेपर्यंत ती खोली फोडता येऊ नये आणि तिथून आवाजही बाहेर जाऊ नये, म्हणजे राणीला दुसरीकडून कोणी सोडवायला नको. आणि दार उघडेपर्यंत राज्यात नवा कंठ फुटू नये, म्हणजे लोक स्वतःच येऊन त्याच्यासाठी ते दार उघडतील.

"ती झोपत नाही?" आनसाने विचारले.

"झोपते. हात खिटीवरच असतो."

मग आनसा म्हणाली, "मी दार उघडले नाही तर ह्यांच्यासारखे माझे हात जातील आणि माझी पोर मुकी राहील. उघडले तर तो मुकुट घेईल. मी काय करू?"

"अशी खिटी घडव की जी लागेल, पण आतून उघडणार नाही," धनेश म्हणाला. "मांत्रिकाला धरून ठेवायला तीन वस्तू लागतील. ज्याने कधी काही कापले नाही असे लोखंड. ज्याच्या कानावर माणसाचा शब्द पडला नाही असे पाणी. तिसरी वस्तू मी देईन."

लोखंड घरातच होते. बकुळीच्या पाळण्याचा आकडा आढ्याला अजून तसाच लटकत होता; आनसाने तो बाळंतपणाआधी स्वतः घडवला होता. तिचा हात जाईना, तेव्हा कोंडाजीने आपल्या लाकडी मनगटांनी तो खाली पाडला.

पाण्यासाठी दुसऱ्या दिवशी उजाडताच ती निघाली. डोंगराच्या पाठीमागे मुका झरा होता. तिथे कोणी बोलायला तोंड उघडले की शब्द निघण्याआधीच त्याचा दगड होत असे. वाटेवर असे दगड उभे होते. कोणाच्या खांद्यावर घोंगडी, कोणाच्या काखेत घागर, सगळ्यांची तोंडे उघडी. झऱ्याच्या तोंडाशी शेवाळ चढलेला राखणदार बसला होता.

"बाई, तुझे नाव काय?" राखणदाराने विचारले, अगदी सभ्यपणे, कोणीही पाहुण्याला विचारावे तसे. आनसाच्या ओठावर नाव आले होते. तिने ते गिळले आणि घागर पाण्यावर धरली.

धार बारीक होती. घागर चतकोर भरली तेव्हा मागून कोंडाजीचा आवाज आला. घर पेटले आहे, भाता पेटला आहे, आतून कडी लागली आहे आणि माझ्या हातांनी ती निघत नाही. आनसा, सांग, पोरीला कुठून काढू? आवाज त्याचाच होता, त्यातला दमाही त्याचाच. मान न वळवता तिने धारेकडे पाहिले आणि दातांत पदर धरला.

घागर गळ्यापर्यंत आली. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "आई."

हा आवाज आनसाने आयुष्यात ऐकला नव्हता, तरी तो कोणाचा हे तिला विचारावे लागले नाही. सहा वर्षे ती तो मनातल्या मनात ऐकत होती. कसा असेल, जाड असेल की बारीक. तो बारीक होता, किंचित घोगरा. "आई," तो पुन्हा म्हणाला, "मी इथे आहे. मी खाली आहे. तू ओ का देत नाहीस?"

आनसाचे सारे अंग ओ द्यायला वळले. पदर दातांतून सुटला. तिने खालचा ओठ चावला, इतका की रक्त हनुवटीवर आले, आणि घागर काठोकाठ भरेपर्यंत ती तशीच वाकून राहिली. तिसऱ्यांदा आवाज नुसता रडला. मग थांबला.

राखणदार उठून बाजूला झाला. त्याने वाट सोडली. आनसा घागरीचे तोंड पानांनी गच्च बांधून खालच्या वाडीपर्यंत आली, घागर उतरवून ठेवली, आणि तिथे बांधावर बसून पोटभर रडली. लोक तिला काय झाले ते विचारीत होते. तिने डोळे पुसले आणि घागर उचलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. कोंडाजीने भाता पायाने चालवला. पाळण्याचा आकडा लाल झाला, पांढरा झाला; त्याची जीभ झाली, पेटी झाली, खिळे झाले. कमानीसाठी धनेशाने आपल्या शेपटीतले सर्वांत लांब पीस उपटून दिले. पीस विस्तवात जळले नाही. निखाऱ्यात लवले आणि पोलादाची पट्टी होऊन बाहेर आले. झऱ्याच्या पाण्यात सारे विझवले, तेव्हा पाणी चुर्रर्र झाले नाही. वाफही मुकाट्याने वर गेली.

जन्मभर नीट चालणाऱ्या खिट्या करणाऱ्या आनसाने त्या दिवशी मुद्दाम बिघडलेली खिटी केली. लागायला उत्तम. आतून मूठ फिरावी, फिरतच राहावी आणि जिभेला कळू नये अशी. कोंडाजीने ती पाहिली आणि न राहवून म्हणाला, "जीव ओतला आहेस गं."

धनेशाने ती तुकड्या-तुकड्याने चोचीतून झरोक्यात नेली आणि राणीला काय करायचे ते सांगितले. राणी खोलीत, पक्षी झरोक्यात, आनसा महालात. राजाचे रूप घेतलेला विकटाक्ष आज बसला नव्हता. तो आनसाच्या मागे उभा होता, आणि त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

"सूर्य कलतो आहे, लोहारीण," तो म्हणाला.

"जुने लोखंड रुसलेले आहे, महाराज. समजूत काढावी लागते."

तिने शिंगाची पट्टी फटीत घातली आणि टोकाने तीनदा खूण केली. पलीकडून तीनदा उत्तर आले. मग सात वर्षांत पहिल्यांदा राणीने खिटीवरची आवळलेली मूठ बाजूला घेतली, आणि डाव्या हाताने जुन्या पेटीचे खिळे काढू लागली. त्या वेळी दाराला काहीच धरून नव्हते. नुसत्या वाऱ्याने ते आत गेले असते. आनसाने मूठ दोन्ही हातांत धरून दार आपल्याकडे ओढून ठेवले होते, आणि पाहणाऱ्याला वाटत होते की ती ते उघडायला झटते आहे. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या आणि कातडी लाकडासारखी करडी पडू लागली; मुदत संपत आली होती.

मांत्रिकाचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला. "मी ओढतो," तो म्हणाला.

"भार पडला तर जीभ कायमची तुटेल," आनसा म्हणाली. हात मागे गेला.

पट्टीच्या टोकाला तीन टिचक्या लागल्या. नवी खिटी बसली होती. आनसाने पट्टीने जीभ मागे सारली, मूठ सोडली, आणि दार आत उघडले.

आधी काही झाले नाही. मग नगरातून आवाज उठला.

तो कसला आवाज आहे हे त्या नगरात कोणाला कळले नाही. कोणाला वाटले धरण फुटले, कोणाला वाटले डोंगर घसरला. घराघरांतून, अंगणांतून, पाळण्यांतून, शेतांच्या बांधांवरून, सात वर्षांची सारी मुले एकाच वेळी रडली. सात वर्षांत पडले, खरचटले, भाजले, भ्याले, त्या सगळ्याचे रडे एकदमच आले. बायका चुलीपुढून उठल्या आणि कुठे धावायचे ते न सुचून उभ्या राहिल्या. महालाच्या दाराशी असलेल्या दोन पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकाला तीन मुले होती, दुसऱ्याला एक. दोघांचे भाले खाली पडले आणि ते घराकडे पळत सुटले. वाड्यातले सगळेच पळत सुटले. राजाचे रक्षण करायला कोणी राहिले नाही.

मांत्रिकाने त्यातले काही ऐकले नाही. तो आत घुसला होता. खोलीच्या टोकाला झरोक्याखाली वस्त्राने झाकलेले काहीतरी चकाकत होते. त्याने झेप घेतली, वस्त्र ओढले. खाली पाण्याचा तांब्या उपडा ठेवलेला होता.

तेवढ्यात पाख्यामागून राणी निघाली. तिचे केस पांढरे झाले होते, अंग वाळून काडी झाले होते. डाव्या हाताने तिने मुकुट पोटाशी धरला होता. तिने उंबरठा ओलांडला, आनसाने दार ओढले, आणि दार अडले. मांत्रिकाने राणीचा पदर धरला होता. पाख्याच्या आणि चौकटीच्या मध्ये कापड आले, जीभ खाचेपाशी येऊन थांबली. आतून तो पदर ओढीत होता आणि बाहेर राणी मागे मागे जात होती.

आनसाने पिशवीतून छिन्नी काढली, उंबऱ्यावर पदर दाबला आणि घाव घातला. पदर तुटला. राणीने उजवा हात आनसाच्या कमरेला घालून मागे जोर केला, आनसाने दाराच्या मुठीला लोंबकळून दार ओढले, आणि खिटी पडली. खट्.

आत मूठ फिरू लागली. फिरत राहिली.

धनेश महालाच्या खिडकीतून आत आला आणि जमिनीवर उतरला. राणीने त्याच्यापुढे गुडघे टेकले. दोघांनी एकमेकांना रोज पाहिले होते, पण मध्ये झरोका नसताना आज प्रथमच. तिने मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. पिसे गळाली आणि तिथे राजा धीरसेन उठून बसला. सात वर्षांनी थोराड झालेला, उपटलेल्या पिसाचा एक मोठा व्रण पाठीवर घेऊन. त्याच क्षणी दार थरकले. लोखंडाने जे कधी फुटत नव्हते, आवाज जे कधी जाऊ देत नव्हते, त्या दारातून आता साधा आवाज येऊ लागला. कोणीतरी म्हातारा आत खोकत होता.

आनसाने आपले हात पाहिले. करडेपणा उतरला होता. तिने कोणाची आज्ञा घेतली नाही, मुजराही केला नाही. ती घराकडे धावली.

गल्लीच्या तोंडाशीच तिला आवाज ऐकू आला. तो झऱ्यावरच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. जाड होता, खणखणीत होता आणि तक्रारीचा होता. अंगणात बकुळी कोंडाजीला सांगत होती की भाकरी करपली तर आपल्याला आवडत नाही, शेजारची शेळी आपल्याला मारते, आणि हे सगळे कधीपासूनचे आहे. कोंडाजी आपल्या हातांची बोटे उघडमीट करीत, तोंड उघडे टाकून ऐकत होता. आईला पाहताच बकुळी तिच्याकडे वळली.

"तू माझे केस फार ओढून विंचरतेस," ती म्हणाली.

आनसा उंबऱ्यात बसली.

पुढे राज्याची घडी बसली. वाळलेले हात भरून आले, लोहार पुन्हा कामाला लागले, शाळांतून इतका गलका होऊ लागला की गुरुजी दमून जात. विकटाक्षाला कोणी मारले नाही. राजा स्वतः रोज शिडी लावून झरोक्यात उंबरे आणि पाण्याचा गडवा ठेवी. सहा महिन्यांनी एकदा उंबरे तशीच राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. तेव्हा आनसाला बोलावले. तिने दार उघडले. आत राजवस्त्रांचा ढीग होता आणि मूठभर राख होती. खोली धुऊन घेतली.

एक गोष्ट मात्र ठीक होत नव्हती. राणीच्या उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. सात वर्षे खिटीवर आवळलेली बोटे तशीच राहिली होती. वैद्यांनी तेले लावली, लेप घातले, मंत्र म्हटले. बोटे हलली नाहीत. लोकांत बोलले जायचे की त्या मुठीत मांत्रिकाचा प्राण आहे, रत्न आहे, राज्याचे भाग्य आहे. राणी ऐके आणि काही बोलत नसे. ती पूर्वीही फार बोलत नसे. आता आणखीच गप्प झाली होती. दुपारी मात्र ती पालखी न घेता आनसाच्या भट्टीशी येऊन बसे. तिथे बरे वाटते म्हणे.

अशाच एका दुपारी आनसा ऐरणीवर होती, कोंडाजी भात्यावर होता, आणि राणी ओट्यावर टेकून बसली होती. बकुळी तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिने बराच वेळ त्या मुठीकडे पाहिले.

"तुझ्या मुठीत काय आहे?" तिने विचारले.

आनसाचा हातोडा वरच थांबला. राणीला अगंतुगं केल्याबद्दल पोरीला दटावावे, की गप्प राहावे, तिला सुचेना.

राणीने आपल्या मुठीकडे असे पाहिले की जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. कोणी तिला हे विचारले नव्हते. सगळ्यांनी आपापल्या मनाने ठरवले होते.

"काही नाही," ती म्हणाली.

"मग दाखव."

राणीने मूठ पुढे केली. अंगठा सुटला. मग करंगळी. मग मधली तिन्ही बोटे एकामागून एक, कोणी हात न लावता, आपली आपण उघडली. तळव्यावर खिटीच्या जिभेचा चौकोनी वण होता. बाकी खरोखरच काही नव्हते. बकुळीने वाकून नीट पाहिले, आणि खात्री पटल्यावर त्या हातावर आपल्या परकरातली चार बोरे ठेवली.

राणीने ती खाल्ली. बियाही टाकल्या नाहीत, हातातच धरून बसली, आणि जाताना आनसाला म्हणाली, "उद्या येते." ती आली, आणि त्या राज्यात असे अनेक उद्या आले.